ज्यांची पाळी आलीच नाही

एक फोटो डोळ्यासमोर आणा. १४ जून १९६९, शनिवार, दुपारचे दोन वाजत आलेत, गाव फ्रान्समधलं ल माँ, जिथे २४ तासांची प्रसिद्ध मोटार रेस होते. स्पेलिंग बघून आपण सगळेच आधी ले मान्स म्हणतो, मी पण कितीतरी वर्षं तेच म्हणायचो. रस्त्याच्या एका कडेला ४५ गाड्या तिरक्या लावल्यात, स्टेशनबाहेर टू-व्हीलर लावतात तशा, आणि समोरच्या कडेला एकेका गाडीचा एकेक ड्रायव्हर उभा. झेंडा पडला की रस्ता ओलांडून पळायचं, दार उघडून आत घुसायचं, चावी, गिअर, आणि सुटायचं. एरवी ही रेस चारला सुरू व्हायची, त्या वर्षी दोनला घेतली, कारण दुसऱ्या दिवशी फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान होतं आणि लोकांना घरी पोचून मत द्यायला वेळ मिळायला हवा होता.

झेंडा पडला आणि सगळे पळाले, एक सोडून.

बेल्जियमचा जॅकी इक्स, वय वर्षं २४. हा पठ्ठ्या आरामात चालत निघाला, कोपऱ्यावर दूध आणायला निघाल्यासारखा. बाकीच्या गाड्या अगदी जवळून जायला लागल्या तेव्हा शेवटची चार पावलं काय ती भराभर टाकली असतील. गाडीत बसला, दार नीट लावलं, बेल्ट लावला, ओढून घट्ट केला, आणि मग इंजिन चालू. तोपर्यंत पुढे सगळं रिकामं झालेलं.

का चालला तो? तर ही पळापळीची पद्धत दिसायला भारी होती, पब्लिकला जाम आवडायची, आणि तिच्यात वाचलेल्या एकेका सेकंदाला भाव होता. ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस ह्यात उस्ताद, बाकीचे अजून दार चाचपडतायत तोवर हा निघालेला असायचा. पोर्शची चावी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असते ना, ती ह्याच स्टार्टमुळे असं कंपनीवालेच अभिमानानं सांगतात, म्हणजे डाव्या हातानं चावी फिरवायची आणि उजव्या हातानं त्याच वेळी गिअर टाकायचा. हे सगळं ठीक होतं जोवर गाडीत बेल्ट नव्हते. साठच्या दशकात बेल्ट आले, चांगले खांद्यावरून येणारे, ज्यांना लावायला वेळ लागतो, मेकॅनिकची मदत लागते. आता पळत येऊन उडी मारणारा माणूस बेल्ट कधी लावणार? मग लोकांनी जुगाड काढला, पहिला लॅप, म्हणजे ट्रॅकची फेरी, तसाच मारायचा, आणि मल्सानच्या सरळ रस्त्यावर, ट्रॅकच्या सगळ्यात लांब सरळ टप्प्यावर, पोचलं की गुडघ्यानं स्टिअरिंग धरून दोन्ही हातांनी बेल्ट लावायचा. ताशी ३०० च्या आसपास!

आदल्याच वर्षी इक्सच्याच देशाचा विली मेरेस असाच घाईत निघाला होता. फोर्ड जीटी४० चं दार नीट लागलेलं नव्हतं, पहिल्याच लॅपला वेगात ते उघडलं आणि गाडी गेली. मेरेस जिवानिशी वाचला पण दोन आठवडे कोमात होता, पुन्हा रेसिंग काही जमलं नाही. इक्सच्या चालण्यामागे हे होतं.

बरं, आता १९६९ इथेच थांबवू, थोडं मागे जाऊ, कारण ल माँ म्हटलं की १९५५ टाळून पुढे जाताच येत नाही.

एक गोष्ट आधी. २४ तासांच्या रेसला एक गाडी आणि दोन ड्रायव्हर, आजकाल तीन. म्हणजे एक जण चालवत असतो तेव्हा दुसरा पिटमध्ये, म्हणजे गाडी पेट्रोल भरायला आणि ड्रायव्हर बदलायला थांबते त्या जागी, हेल्मेट हातात घेऊन उभा असतो, आपली पाळी कधी येतेय ह्याची वाट बघत. ह्या उभ्या माणसाकडे कॅमेरा सहसा जात नाही. आज आपण त्याच्याकडे बघणार आहोत.

११ जून १९५५. मर्सिडीज ३०० एसएलआर, गाडी नंबर २०. चालवायला पिएर लेवेग, फ्रेंच, ४९ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी ह्या माणसानं जोडीदाराला गाडी न देता एकट्यानं जवळजवळ २३ तास चालवली होती आणि जिंकत असताना अगदी शेवटी इंजिन गेलं, जिंकली कोण तर मर्सिडीज. तर १९५५ ला त्याच मर्सिडीजनं त्याला बोलावलं, आणि जोडीदार दिला जॉन फिच, अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धातला फायटर पायलट.

संध्याकाळचे साडेसहा वाजायला आलेले. पुढे जॅग्वारवाला माइक हॉथॉर्न आणि मर्सिडीजवाला फांजिओ, अर्जेंटिनाचा वर्ल्ड चॅम्पियन, ह्यांची झुंज चालू होती, लॅप रेकॉर्डवर रेकॉर्ड. आता त्या वेळचं पिट डोळ्यासमोर आणा. पिटला वेगळी लेन नाही, मध्ये भिंत नाही, रस्त्याच्याच उजव्या कडेला गाडी थांबवायची आणि शेजारून बाकीच्या गाड्या २०० च्या वर स्पीडनं जाणार. समोर डाव्या बाजूला प्रेक्षक, मध्ये फक्त एक मातीचा बांध. हॉथॉर्ननं लान्स मॅकलिनच्या हळू चाललेल्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकलं आणि लगेच पिटला जायचं म्हणून ब्रेक मारला. जॅग्वारचे डिस्क ब्रेक म्हणजे जागच्या जागी थांबणारं प्रकरण. मॅकलिन दचकून डावीकडे वळला, आणि डावीकडून लेवेग येत होता, साधारण २४० च्या वेगानं. त्याची गाडी मॅकलिनच्या मागच्या भागावर चढली, तिथून उडाली, बांधावर आदळली आणि फुटली. इंजिन, बॉनेट, पुढचा अॅक्सल, सगळं सुटून गर्दीतून गेलं. बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, पेटल्यावर ती पाण्यानं विझत नाही, उलट अजून भडकते. लेवेग आणि ऐंशीच्या वर प्रेक्षक गेले. मागून येणारा फांजिओ मधून कसाबसा निसटला, आणि तो पुढे नेहमी सांगायचा की लेवेगनं शेवटच्या क्षणी हात वर करून मला खूण केली म्हणून मी वाचलो.

जॉन फिच तेव्हा पिटमध्ये उभा होता. त्याची पाळी जवळ आलेली.

रेस थांबवली नाही. आयोजकांचं म्हणणं असं की लाखो लोक एकदम निघाले असते तर अॅम्ब्युलन्सना रस्ताच मिळाला नसता. ह्यावर अजून वाद होतात, मला स्वतःला ते कारण पटतं, पण लोक शांतपणे पुढचे लॅप मोजत बसले हे मात्र पचत नाही. टीम काढून घ्या असं मर्सिडीजला सांगणाऱ्यांत फिच होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर पहिल्या नंबरवर चालत असलेली मॉस-फांजिओची गाडी परत बोलावली. हॉथॉर्न जिंकला. चौकशीत कुणालाच दोषी धरलं नाही. स्वित्झर्लंडनं सर्किटवरच्या रेसवर बंदी आणली, ती पूर्णपणे उठायला २०२२ साल उजाडलं. ल माँवाल्यांनी पुढच्या वर्षी पिट पाडून मागे नेले, रस्ता रुंद केला, प्रेक्षकांना लांब बसवलं. म्हणजे हे करता येत होतं तर.

फिच अमेरिकेला परत गेला, आणि ह्या माणसानं पुढे जे केलं ते अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येकानं बघितलंय, नाव माहीत नसेल. हायवेवरून एक्झिटचा रस्ता फुटतो तिथे मधल्या कोपऱ्यात प्लास्टिकचे मोठे पिवळे पिंप ठेवलेले असतात ना, ओळीनं? ती फिच बॅरिअर. आत वाळू, पुढच्या पिंपात कमी, मागे मागे जास्त, म्हणजे गाडी आदळली की एकदम धाडकन न थांबता एकेक पिंप फोडत वेग उतरत जातो. कल्पना युद्धातली, विमानातून गोळीबार झाला तर म्हणून तंबूभोवती वाळूनं भरलेले इंधनाचे कॅन रचायचो असं तो सांगायचा. आणि टेस्ट कशी केली? स्वतः गाडी नेऊन त्या पिंपांवर घातली, एकदा नाही, बऱ्याचदा. २०१२ मध्ये गेला, ९५ वर्षांचा होऊन.

आता परत १९६९. इक्स शेवटून निघालाय, आणि त्याच्या पुढे कुठेतरी एक पांढरी पोर्श ९१७ आहे. ९१७ ही त्या वर्षीची नवी गाडी, १२ सिलिंडर, वजन ८०० किलोच्या आसपास, ड्रायव्हरचे पाय पुढच्या चाकांच्याही पुढे, आणि सरळ रस्त्यावर स्पीड पकडला की मागचा भाग तरंगायला लागायचा. पोर्शचे स्वतःचे पगारी ड्रायव्हर ती चालवायला नाखूष होते. अशी गाडी जॉन वुल्फ नावाच्या इंग्लिश गृहस्थानं स्वतःच्या पैशानं विकत घेतली, आणि कंपनीनं काळजीपोटी त्याच्या जोडीला आपला जुना भरवशाचा माणूस दिला, हर्बर्ट लिंगे, वाइसाखचा, मेकॅनिक म्हणून सुरुवात केलेला. पण स्टार्टला वुल्फ स्वतः बसला.

पहिला लॅप, मेझों ब्लांश, म्हणजे पांढरं घर, ट्रॅकच्या शेवटाकडचा भाग. ९१७ हातातून सुटली, कडेला आदळली, तुकडे झाले, वुल्फ गाडीबाहेर फेकला गेला आणि त्यातच मेला. बेल्ट लावलेला नव्हता असंच बहुतेक सगळे सांगतात. पेट्रोलची टाकी सुटून रस्त्यावर आली, ती मागून येणाऱ्या क्रिस एमनच्या फेरारीखाली गेली आणि ती पण पेटली, एमन सुखरूप निघाला. जिथून इक्स चालत निघाला होता तिथून हे ठिकाण फार लांब नाही.

आणि पिटमध्ये लिंगे उभा.

ह्या लिंगेनं सत्तरच्या दशकात जर्मनीत रेसट्रॅकसाठी एक फिरतं बचाव पथक उभं केलं, ओएनएस स्टाफेल. तोवर अपघात झाला की जवळचा झेंडेवाला हातात असेल ते घेऊन पळायचा, साध्या कपड्यात. लिंगेचं डोकं मेकॅनिकचं, त्यानं साधा हिशोब केला: गाडी पेटली तर माणसाकडे मिनिटं नसतात, मग मदत पण रेसिंग कारच्याच वेगानं यायला हवी. म्हणून वेगवान गाड्या, त्यात आग विझवायचं सामान, आगीत जाणारा माणूस आणि डॉक्टर, आणि ट्रॅकच्या कडेनं ठरलेल्या जागी उभ्या. ह्या कामासाठी जर्मन सरकारनं त्याला सन्मान दिला. म्हणजे दोन अपघात, १४ वर्षांचं अंतर, आणि दोन्ही वेळा ज्याची पाळी आलीच नाही त्या माणसानं उरलेलं आयुष्य त्यातच घातलं. योगायोग म्हणा हवं तर. मी नाही म्हणणार.

रेसचं काय झालं? रविवारी दुपारपर्यंत पुढे चाललेल्या बाकीच्या ९१७ बंद पडल्या आणि उरले दोघं, इक्सची जुनी फोर्ड जीटी४०, जी आदल्या वर्षी पण जिंकलेली तीच गाडी, आणि हान्स हेरमानची पोर्श ९०८, जिचे ब्रेक पॅड संपत आल्याचा दिवा लागलेला पण बदलायला थांबले तर रेस गेली. शेवटच्या तासात दर लॅपला पुढचा मागे, मागचा पुढे. इक्स मल्सानवर मुद्दाम थोडा हळू व्हायचा, हेरमानला पुढे काढायचा, मग त्याच्या गाडीच्या मागे, जिथे हवेचा विरोध कमी असतो तिथे शिरून रस्ता संपता संपता परत पुढे. २४ तास, जवळपास ५००० किलोमीटर, आणि इक्स जिंकला साधारण १२० मीटरनं.

चालत जाण्यात त्याचे किती सेकंद गेले असतील, मोजा.

१९७० पासून ती पळापळ बंद. ड्रायव्हर आधीच बेल्ट लावून गाडीत बसलेले, १९७१ पासून तर रोलिंग स्टार्ट, म्हणजे गाड्या चालत्या असतानाच रेस सुरू.

वेग मात्र कुणाचं ऐकत नव्हता. १९७१ ला लांब शेपटीची ९१७ मल्सानवर ३८० च्या वर गेली. आणि मार्को-व्हान लेनेप ही ड्रायव्हरची जोडी जिंकली त्या ९१७ ची फ्रेम कशाची होती माहितीये, मॅग्नेशियमची! लेवेगच्या गाडीची बॉडी ज्यानं जळली तोच धातू, १६ वर्षांनी, वजन वाचवायला. त्यांनी कापलेल्या ५३३५ किलोमीटरचा रेकॉर्ड २०१० पर्यंत टिकला. मग १९८८, रॉजर दोर्शी, हौशी लोकांच्या छोट्या टीमची डब्ल्यूएम-पजो, रडारवर आकडा आला ४०५. हे कुठे, तर वर्षभर ट्रक आणि भाजीच्या गाड्या जातात अशा टूर नावाच्या शहराकडे जाणाऱ्या साध्या सार्वजनिक रस्त्यावर, ज्याच्या कडेला हॉटेल आहे. गाडी लवकरच बंद पडली, पण त्यांना आकडाच हवा होता. दोनच वर्षांनी, १९९० ला, सहा किलोमीटरच्या त्या सरळ रस्त्यात दोन शिकेन, म्हणजे वेग कमी करायला मुद्दाम टाकलेली वळणं, घालून त्याचे तीन तुकडे केले. तिथेच १९८६ ला यो गार्टनर हा ड्रायव्हर अपघातात मेला होता. जुने लोक अजून हळहळतात, रस्त्यासाठी. २०१३ ला टेर्त्र रूज ह्या वळणावर अॅलन सायमनसन हा ड्रायव्हर गेला, रेस सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील. नंतर स्लो झोन आले, अपघात झालेल्या टप्प्यात सगळ्यांनी ८० नं चालवायची.

एक राहिलंच, इक्सचा सोमवार. रेस जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपली पोर्श घेऊन पॅरिसला निघाला, साधा रस्ता, साधा ट्रॅफिक. शार्त्रजवळ एक गाडी एकदम आडवी आली, इक्सची पोर्श जाऊन खांबाला भिडली आणि चेपली. त्यानं बेल्ट सोडला, दार ढकललं आणि बाहेर आला, अंगावर ओरखडा नाही.