लेव्ही सॅव्हेज आणि १३ ऑगस्टची सभा

मंडळी, लेव्ही सॅव्हेज हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नसेल. जन्म १८२० चा, अमेरिकेतल्या ओहायोचा. अमेरिकेत निघालेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या पहिल्या पिढीतला हा माणूस. शिपाई झाला, मिशनरी झाला. पण आज त्याच्याबद्दल बोलावंसं वाटलं ते एका संध्याकाळच्या सभेमुळे. तिथवर तो कसा पोचला ते आधी थोडक्यात सांगतो.

१८४६ साली मॉर्मन लोक इलिनॉयमधलं नाऊवू सोडून पश्चिमेकडे निघाले होते. दोनच वर्षांपूर्वी त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ तुरुंगात जमावाच्या गोळ्यांना बळी पडला होता. त्यात मेक्सिकोशी युद्ध पेटलं आणि सरकारने याच घरदार सोडलेल्या लोकांकडे पाचशे जवान मागितले. ज्यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं त्यांच्यासाठी लढायचं, हे अनेकांना पटेना. पण पंथप्रमुख ब्रिगहॅम यंग यांना रोख पैशाची निकड होती. गणवेशासाठी प्रत्येक जवानाला ४२ डॉलर मिळणार होते. सॅव्हेज भरती झाला. आयोवापासून सॅन डिएगोपर्यंत ही पलटण सुमारे दोन हजार मैल चालली. लढाई झालीच नाही, पण वाळवंटात पाण्याविना पायपीट झाली. एका घळीत गाड्या अडल्या तेव्हा जवानांनी कुऱ्हाडींनी खडक तासून वाट रुंद केली. अन्न संपत आलेला माणूस आणि थकलेला बैल किती मैल जातो, हे सॅव्हेज तिथे शिकला.

मग लग्न झालं, मुलगा झाला, आणि १८५१ मध्ये बायको गेली. १८५२ च्या शरदात पंथाने त्याला सयामला (आजच्या थायलंडला) धर्मप्रचारासाठी पाठवलं. दोन वर्षांचाही न झालेला मुलगा बहिणीच्या ओटीत घालून तो निघाला. एप्रिल १८५३ मध्ये तेरा मिशनऱ्यांची ही तुकडी जहाजाने कलकत्त्याला उतरली. तिथून पुढे सयामला जायचं होतं, पण सॅव्हेज ब्रह्मदेशातच अडकला. इंग्रज-ब्रह्मी युद्ध नुकतंच संपलेलं. रंगून आणि मौलमीन इथे त्याची दोनेक वर्षं गेली, हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. (याच सुमारास ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी आपल्या मुंबईत आणि पुण्यात खटपट करत होता.)

आता १८५६ कडे येतो. घराकडे परतणारा सॅव्हेज आयोवा सिटीत जेम्स विली यांच्या हातगाडी तुकडीला मिळाला. तुकडी निघाली होती युटातल्या सॉल्ट लेकला, मॉर्मन लोकांच्या नव्या वस्तीकडे. हातगाड्यांची कल्पना यंग यांची. इंग्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्कमधल्या गरीब अनुयायांना बैलगाडीचा खर्च झेपत नव्हता, म्हणून दोन चाकांची गाडी माणसांनीच ओढायची. मोठ्या माणसामागे सामान सतरा पौंड. गाड्या घाईत, ओल्या लाकडाच्या केलेल्या. प्रेअरीवरच्या, म्हणजे गवताळ मैदानांतल्या धुळीने लाकडी आस झिजून जात. वंगण नव्हतं, म्हणून लोकांनी पोटाला लागणारी डुकराची चरबी आसाला चोपडली आणि जोड्यांचं चामडं कापून आसाला गुंडाळलं.

मुख्य अडचण वेळेची होती. तुकडी मिसुरी नदीकाठच्या फ्लॉरेन्सला पोचली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता, आणि पुढे हजार मैल उरले होते. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी सभा भरली. पुढे जायचं की इथेच हिवाळा काढायचा? नेत्यांचा कल पुढे जाण्याकडे, आणि देव आपल्याला तारेल हा विश्वास. सॅव्हेज म्हणाला, मी बोलणार असेन तर मनातलंच बोलेन. त्याने लोकांना साफ सांगितलं: गुडघाभर बर्फातून चालावं लागेल, पातळ घोंगडी पांघरून गोठलेल्या जमिनीवर झोपावं लागेल, म्हातारी, दुबळी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका यांनी वसंतापर्यंत थांबावं. विली यांना हे रुचलं नाही. मतदान झालं. शंभरेक लोक मागे राहिले, चारशेच्या आसपास पुढे निघाले.

सॅव्हेज त्यावर जे बोलला त्याचा आशय असा: मी सांगितलं ते खरं आहे, पण तुम्ही जाणारच असाल तर मीही येतो, तुमच्याबरोबर राबेन, सोसेन, आणि वेळ आली तर मरेनही. प्रवचनांतून फक्त हा शेवटचा भाग सांगतात, जणू त्याने शरणागती पत्करली. मला ते खटकतं. त्याने आपलं म्हणणं तसूभरही मागे घेतलं नव्हतं. वाटेत युरोपहून परतणारे वरिष्ठ फ्रँकलिन रिचर्ड्स बग्गीतून येऊन भेटले आणि अविश्वास दाखवल्याबद्दल त्यालाच रागावले.

सप्टेंबरच्या आरंभी तीसेक जनावरं पळून गेली. मग जनावरांनी ओढायच्या गाड्यांतलं पीठ हातगाड्यांवर चढलं. वाटेतल्या लॅरामी किल्ल्यावर मिळेल म्हटलेलं धान्य मिळालं नाही. १९ ऑक्टोबरला पहिलं मोठं हिमवादळ आलं. उरलेलं पीठ वाटून झालं होतं. सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या दोन दिवसांनी पोचल्या खऱ्या, पण २३ ऑक्टोबरला रॉकी रिजची चढण बर्फातून पार करावीच लागली. सॅव्हेज सगळ्यांच्या मागे राहून पडलेल्यांना उचलत होता. मागे राहिलेले पहाटेपर्यंत तळावर येत होते. काही गारठलेले, काही मरणपंथाला लागलेले, काही मेलेले. आयांसाठी मुलं आणि मुलांसाठी आया रडत होत्या, असं त्याने रोजनिशीत लिहिलं आहे. सकाळी तेरा जणांना एका खड्ड्यात पुरलं. ९ नोव्हेंबरला तुकडी सॉल्ट लेकला पोचली तेव्हा साठाहून अधिक माणसं गेली होती. यंग यांनी उशिरा निघू दिल्याबद्दल रिचर्ड्स यांना जाहीर बोल लावले. सभेत मत द्यायला लावलेल्या गरिबांना मात्र वरिष्ठांपैकी हे आधी कोण सांगणार होतं?

तुकडीतली अॅन कूपर ही दोन मुली घेऊन एकटी आलेली. सॅव्हेजने वाटेत तिला मदत केली होती, पुढे तिच्याशी लग्न केलं आणि नंतर त्या दोन्ही मुलींशीही. हे आपल्याला झेपणारं नाही, पण वगळलं तर हा माणूस अर्धाच उरतो. याच बहुपत्नीत्वापायी १८८० च्या दशकात त्याला तुरुंगात जावं लागलं. १९१० मध्ये युटातल्या टोकरव्हिलला तो वारला, शेवटपर्यंत पंथातच राहून.

त्याचे ते सभेतले शब्द ज्याने टिपून ठेवले तो जॉन चिझलेट त्याच तुकडीतला, त्याच्यासारखाच शंभर माणसांचा कप्तान. चिझलेटने पुढे पंथ सोडला आणि त्या प्रवासाची कडवट हकीकत लिहिली. त्या हकीकतीत तो नेत्यांना कुठेच सोडत नाही. सॅव्हेजविषयी मात्र लिहितो की आमच्यातल्या कुणीही त्याच्याइतकं काम केलं नाही.