शिसं कुजत नाही

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपली नाग नदी शहराबाहेर पडली की कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वाटेत गोसीखुर्दचा जलाशय लागतो. पुढे वैनगंगा आणि वर्धा यांची प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या शिंपल्यांमधले जड धातू हा विषय नागपूरकरांना परका नाही. इथल्या नाल्यात पडलेलं शिसं त्याच वाटेनं निघतं. सगळंच समुद्रापर्यंत पोचतं असं नाही, बरंचसं गाळात बसतं. आणि गाळात तर अळ्या, गोगलगायी, शिंपले, खेकडे राहतात.

एक गोष्ट आधी पक्की करू. मैला कुजतो. कीटकनाशकाचे रेणूही आज ना उद्या तुटतात. शिसं, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्यं आहेत. ती कुजत नाहीत. ती फक्त जागा बदलतात.

१९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी सागरी रसायनशास्त्रज्ञानं सुचवलं, की जगभरच्या किनाऱ्यांवर लक्ष ठेवायला शिंपले वापरा. शिंपला एका जागी चिकटून राहतो, तासाला लिटरभर पाणी गाळतो आणि त्यातला धातू अंगात साठवतो. बाटलीत भरलेला पाण्याचा नमुना त्या घटकेपुरता खरा असतो. रात्री कुणी नाल्यात घाण सोडली आणि आपण दुपारी बाटली भरली, तर अहवाल स्वच्छ येतो. शिंपल्याच्या मांसात मात्र मागच्या काही महिन्यांचा हिशेब असतो. अमेरिकेनं १९८६ पासून आपल्या किनाऱ्यांवर ही तपासणी नियमित सुरू केली.

मात्र प्रत्येक प्राण्याची तऱ्हा वेगळी. कालवं जस्त आणि तांबं भरमसाट साठवतात. काही शिंपले जस्त बऱ्यापैकी आटोक्यात ठेवतात, पण कॅडमियम त्यांना रोखता येत नाही. खेकड्याच्या रक्तात तर तांबं मुळातच असतं, कारण त्याचा प्राणवायू वाहून नेणारा घटक तांब्याचा आहे. म्हणून ‘खेकड्यात तांबं सापडलं’ एवढ्या बातमीवरून काहीच ठरत नाही. स्वच्छ पाण्यातल्या त्याच जातीच्या खेकड्यात किती असतं, हे शेजारी मांडल्याशिवाय तो आकडा मला तरी निरुपयोगी वाटतो.

आता जमिनीवर येऊ. गांडूळ माती गिळतं आणि ओलसर कातडीतूनही धातू शोषतं. त्याच्या शरीरात मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन असतं. हे प्रथिन प्रथम सापडलं १९५७ मध्ये, घोड्याच्या मूत्रपिंडात. त्यातल्या गंधकाला कॅडमियम घट्ट धरून बसतं. शिशाचा बराचसा भाग आतड्याभोवतीच्या पेशींमध्ये बारीक कणांच्या रूपात बंद केला जातो. विष असं बाजूला ठेवून गांडूळ जगत राहतं. गांडुळं दिसली म्हणजे माती निरोगी, हा आपला भरवसा इथे तोकडा पडतो. ते गांडूळ साळुंकीनं किंवा चिचुंदरीनं खाल्लं, की आतला धातू पुढच्या पोटात जातो. युरोपात प्रदूषित जमिनीवरच्या चिचुंदऱ्यांच्या मूत्रपिंडांत कॅडमियम साठलेलं आढळलं आहे.

आपल्याकडची काळी माती या बाबतीत बरी. ती अल्कधर्मी, चुनखडीयुक्त आणि चिकणमातीची असल्यानं शिसं धरून ठेवते, गांडुळाला सहज मिळू देत नाही. आम्लधर्मी मातीत तोच धातू जास्त मोकळा होतो. पण काळ्या मातीवर किती भार टाकायचा? कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आपल्या अगदी जवळ आहेत, आणि कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम थोड्या प्रमाणात असतातच. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती राख आसपास पसरली.

मला सगळ्यात कळकळीनं बोलायचं आहे ते गांडूळखताबद्दल. ‘गांडुळं कचऱ्यातलं विष खाऊन टाकतात’ असं अनेकदा ऐकू येतं. हे खरं नाही. खत होताना कचऱ्यातला कार्बन वायू होऊन उडून जातो, ढीग बसतो, आणि धातू तिथेच राहतो. दूध आटवलं की साखर दाट होते, तसंच हे. तयार खतात किलोमागे धातू कच्च्या कचऱ्यापेक्षा जास्त निघू शकतो. म्हणूनच आपल्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखतासाठी किलोमागे कॅडमियमची मर्यादा ५ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० मिलिग्रॅम आहे. घरच्या भाजीच्या देठांचं खत बिनधास्त वापरा. रंगाचे डबे, बॅटऱ्या मिसळलेल्या शहरी कचऱ्याचं खत मात्र तपासल्याशिवाय शेतात टाकू नका, मग पिशवीवर ‘सेंद्रिय’ असं कितीही ठळक छापलेलं असो.

नाग नदीतून दर उन्हाळ्यात गाळ उपसला जातो. काळाभोर आणि सुपीक दिसतो म्हणून तो शेतात पसरायचा मोह होतो. त्याआधी तो प्रयोगशाळेत द्या, आणि त्याच्यासोबत त्यात राहणारे जीवही द्या. गांडुळं दिलीत तर आधी एक-दोन दिवस ओल्या कागदावर ठेवून त्यांच्या पोटातली माती बाहेर पडू द्या. ती तशीच राहिली, तर गांडुळाच्या नावावर मातीचंच शिसं मोजलं जाईल.