दुपारी दोनची पाहुणी

(बीड इथे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पडद्यावर यायचंय, हे मघाशी वर झालेल्या हातांवरून कळलं. मी पडद्यामागं राहिले. दुपारचा, बायकांचा गप्पांचा कार्यक्रम, त्याची मी निर्माती. सहायक म्हणून लागले तेव्हा पाहुण्यांना फोन करायचा, एसटीचं भाडं हातात द्यायचं आणि रनडाऊनच्या, म्हणजे कार्यक्रमात कशानंतर काय येणार त्या यादीच्या, झेरॉक्स वाटायच्या, एवढंच काम होतं. नव्या मुलींना मी आजही तिथूनच सुरुवात करायला लावते.

१९६७ साली अमेरिकेतल्या डेटन शहरात फिल डोनाह्यू यांनी आपला कार्यक्रम सुरू केला. ते माइक घेऊन प्रेक्षकांत शिरायचे आणि समोर बसलेल्या बायका पाहुण्यांना थेट प्रश्न विचारायच्या. आपल्या कामाची वाट तिथून येते. पण आपल्याकडची दुपार वेगळी. जेवणं आटोपून बाई जरा टेकते, तेवढ्यात लाइट जाते, नाहीतर दारात कुणीतरी येतं. म्हणून प्रत्येक ब्रेकनंतर विषय पुन्हा सांगायचा. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासात २२-२४ मिनिटं हाती राहतात, त्यातली दोन या सांगण्यात जातात. ती मी कधी कापू दिली नाहीत.

सुरुवातीच्या वर्षांत माझी एक चूक व्हायची. पाहुणीकडून फोनवरच सगळं काढून घ्यायचे. ती तिकडं रडायची, मी इकडं वहीत उतरवायचे. मग सेटवर तीच बाई पाठ केल्यासारखं बोलायची, आणि मला तिचाच राग यायचा. दोनदा तेच भोगायला मी लावलं होतं, हे कळायला फार वेळ गेला. पुढं फोनवर गाव, लेकरं, येण्याजाण्याची सोय, एवढंच विचारू लागले. आणि एक प्रश्न नेमानं: काय विचारलेलं चालणार नाही?

२०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आम्हीही त्या विषयावर भाग करायचं ठरवलं. कोयत्यावर जाणारी एक बाई तयार झाली. "महं नाव नका घालू, माय. तोंड बी दावू नका," एवढीच तिची अट.

सेटवर डॉक्टर शास्त्रीय शब्दांत बोलत होते, ती "पिशवी" म्हणत होती. सूत्रसंचालिका मध्येच तिचा शब्द दुरुस्त करायला गेली. मी टॉकबॅकवर, म्हणजे तिच्या कानात लावलेल्या यंत्रावर, सांगितलं, तिचाच शब्द राहू दे, तूही तोच वापर. मग बाईनं उचल म्हणजे मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, खाडा म्हणजे कामाचा चुकलेला दिवस, पाळीच्या दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणं, सगळं सांगितलं. सांगता सांगता थांबली. पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून कार्यक्रम चालवतो त्या खोलीत, सगळे माझ्याकडं बघायला लागले. टीव्हीवर पाच सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. "बोलू नकोस, थांब," मी सूत्रसंचालिकेच्या कानात म्हटलं. मग तीच बोलली. डॉक्टरांकडं वळून म्हणाली, "काढली नसती तर काय झालं असतं, ते तवा कुणी सांगितलंच नाही. तुमी आता सांगा."

माझ्या सगळ्या वर्षांत याहून चांगला प्रश्न मी कुणाला लिहून दिलेला नाही.

भाग लागला तोवर तिची टोळी कारखान्यावर गेली होती. तिथल्या कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, टीव्ही नसतो. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या फोनवर पाठवू का, असं सहायकानं विचारलं. मी नाही म्हटलं. चेहरा झाकला होता, पण आवाज ओळखू आला असता. पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, ती गावी परतल्यावर मी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेले. तिनं दार लोटून घेतलं, लेकीला जवळ बसवलं आणि पूर्ण भाग पाहिला.

"महा आवाज असा हाय व्हय?" एवढंच म्हणाली, आणि पुन्हा लावायला सांगितला.