खरखर नेमकी येते कुठून? मीडियम वेव्ह आणि घरची एरियल
(साताऱ्यात वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, इथे जमलेल्या बहुतेकांची तक्रार एकच आहे. पूर्वी रेडिओवर आकाशवाणीचं पुणे केंद्र दिवसभर खणखणीत लागायचं, आता घरात नुसती खरखर येते. मग आपण दोष केंद्राला देतो, नाहीतर जुन्या संचाला. माझं म्हणणं असं की एरियलला हात लावण्याआधी आपलं घर तपासा. पुण्याहून येणारी लहर आजही दारापर्यंत पोचते. घरातल्या गोंगाटात ती बुडून जाते.

पुणे केंद्र मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, ७९२ किलोहर्ट्झला आहे. या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. एफएमची लहर जेमतेम ३ मीटरची, त्यामुळे मध्ये डोंगर आला की एफएम अडतं. ही लांब लहर मात्र जमिनीला धरून घाट ओलांडते, पार खोऱ्यातल्या वाडीवस्तीपर्यंत जाते. दरडी कोसळून गावं तुटणं काय असतं, ते आपल्या पाटण तालुक्याने २०२१ च्या जुलैत पाहिलं आहे. अशा वेळी दोन सेलवर चालणारा संच घरात असणं मला फार मोलाचं वाटतं, आणि तो नीट ऐकू यायला हवा.

एक गैरसमज आधी दूर करू. संचाची चकाकती दांडी वर ओढून मीडियम वेव्ह सुधारत नाही. ती दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. मीडियम वेव्हची एरियल संचाच्या पोटात असते. मागचं झाकण काढलंत तर करड्या फेराइटची बोटाएवढी सळई दिसेल, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. ही सळई केंद्राच्या दिशेला आडवी असली की आवाज सर्वांत मोठा, आणि तिचं टोक केंद्राकडे झालं की आवाज पडतो. पुणे आपल्या उत्तरेला आहे, म्हणजे सळई पूर्व-पश्चिम हवी. बहुतेक संचांत ती लांबीच्या बाजूने बसवलेली असते. आज घरी जाऊन संच टेबलावर सावकाश फिरवून बघा, फरक लगेच कानाला कळेल.

आता गोंगाट. संच सेलवर चालू ठेवा, पुणे लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. मग सगळ्या एमसीबी, म्हणजे खोलीखोलीच्या वीजपुरवठ्याच्या कळा, खाली करून मेन परत चालू करा आणि एकेक एमसीबी वर करत जा. कुठल्या खोलीची वर केल्यावर भणभण सुरू होते ते पाहा आणि त्या खोलीतली उपकरणं एकेक करून काढा. स्वस्त एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, सेटटॉप बॉक्सचे अडॅप्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर, हे नेहमीचे संशयित. यांच्यातली बहुतेक सर्किटं सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात, आणि त्याचा उपद्रव वायरिंगमधून घरभर पसरून थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात उमटतो. त्यात आपल्या इमारती आरसीसीच्या. स्लॅबमधल्या लोखंडी सळया बाहेरची लहर अडवतात आणि आतला गोंगाट आतच राहतो. लाऊडस्पीकरच्या भिंतीला टेकून शेजाऱ्याचं बोलणं ऐकायचं, तशी रेडिओची गत होते. शेजाऱ्याने आवाज चढवून काही होत नाही, आपणच तिथून हलायला हवं.

संचाबाहेरची वेगळी एरियल लावायची ती याचसाठी. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये तारेला जागा नसते, तिथे मी चौकटीची एरियल सुचवतो. ही पाहा. ८५ सेंटीमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या मध्यावर फुलीसारख्या जोडल्या आहेत, म्हणजे चौकोनाची बाजू ६० सेंटीमीटर झाली. त्यावर साध्या प्लास्टिकच्या तारेचे १२ वेढे, दोन वेढ्यांत अर्धा सेंटीमीटर अंतर. तार साधारण ३० मीटर लागते. दोन्ही टोकं जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतल्या ५०० पिकोफॅराडच्या गँगला, म्हणजे केंद्र लावायच्या फिरत्या कपॅसिटरला, जोडली आहेत. लहान गँग घेतला तर मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झपर्यंत खाली येता येत नाही, मग त्याचे दोन्ही भाग एकत्र जोडावे लागतात.

चौकट संचाला कुठेच जोडायची नाही. नुसती शेजारी ठेवायची. चौकटीची कड पुण्याकडे आणि संचातली सळई चौकटीला काटकोनात. आधी संचावर केंद्र लावा, मग गँग हळूहळू फिरवा. ऐका आता... हा असा आवाज एका जागी उसळून वर येतो. तिथे थांबायचं. या चौकटीचा दुसरा गुण मला जास्त प्रिय आहे. एका दिशेला ती जवळजवळ बहिरी असते. शेजारच्या इन्व्हर्टरचा त्रास असेल तर चौकट थोडी वळवून त्याला त्या बहिऱ्या बाजूला टाकता येतं. रात्री दूरची केंद्रं एकमेकांवर चढतात तेव्हाही हीच युक्ती चालते.

स्वतःचं अंगण किंवा गच्ची असेल त्यांनी लांब तार लावावी. जुन्या संचांना मागे एरियल आणि अर्थ (जमिनीला जोडायची तार) अशी दोन भोकं असायची, घरोघरी माळ्यावर तांब्याची जाळीदार पट्टी ताणलेली असायची. आजही १० ते १५ मीटर तार दोन्ही टोकांना इन्सुलेटर लावून घरापासून दूर ताणली की काम होतं. नव्या संचाला भोक नसतं. तिथे तारेचं घरातलं टोक संचाभोवती, आतल्या सळईच्या जागी, पाचसहा वेढे गुंडाळून पुढे अर्थला न्यायचं. अर्थसाठी अंगणात वेगळी सळई ठोका. भिंतीतल्या प्लगची अर्थ घेऊ नका, घरातला सगळा गोंगाट तिच्यावरूनच परत येतो.

आणि हे मात्र कुणीही हलक्यात घेऊ नये. तार विजेच्या तारांच्या वरून किंवा जवळून कधीही नेऊ नका. वळवाचे ढग दिसले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, तार संचापासून सोडवा आणि तिचं टोक घराबाहेर अर्थच्या सळईला बांधून ठेवा. वीज कडकडायला लागल्यावर त्या तारेला हात लावायचा नाही. तेवढ्यापुरता सेलवरचा संच त्याच्या पोटातल्या सळईवर ऐका. आता चौकट ज्यांना हाताळून बघायची आहे त्यांनी पुढे या, गँग सावकाश फिरवा.