मिरगाआधीचं कर्ज

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘अल्प उत्पन्न गटातील घरमालकांसाठी दुरुस्ती कर्जे’. एवढं रुक्ष नाव वाचूनही सभागृह भरलं, म्हणजे गेल्या पावसात बऱ्याच घरांत बादल्या मांडाव्या लागल्या असणार. माझी सगळी नोकरी एका पतसंस्थेत गेली, तीही कर्जाच्या टेबलावर. त्यामुळे मी छपराबद्दल बोलेन, पण त्याहून जास्त छपराखालच्या कागदांबद्दल.

सुरुवात माकडांपासून करतो. आपल्या गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, फोंडा इथल्या लोकांना सांगायला नको: फणस धरले की टोळी छपरावरून जाते आणि मागे पाचसहा नळे, म्हणजे कौलं, फुटलेले राहतात. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. फुटक्या नळ्यातून पाणी रिपेवर, म्हणजे नळ्यांखालच्या लाकडी पट्टीवर, पडतं. रीप कुजली की वरची ओळ खाली सरकते आणि पाणी वाशापर्यंत पोचतं. वाशाचं टोक भिंतीवर जिथं टेकतं तिथून ते भिंतीत उतरतं. भिंत चिऱ्याची असली तरी जुन्या घरांत चिरे मातीत लावलेले असतात. ती माती धुपते, भिंत पोट काढते, आणि ओल्या लाकडाला वाळवी लागायला आमंत्रण लागत नाही.

पहिल्या वर्षी हे काम एका माणसाचं, एका सकाळचं. तिसऱ्या वर्षी सुतार लागतो. सहाव्या वर्षी गवंडी येतो, तेव्हा आकडा लाखांत गेलेला असतो. कर्ज हवं असतं तिसऱ्या वर्षी. माणूस आमच्या टेबलापाशी येतो सहाव्या वर्षी.

अशाच एक बाई आल्या होत्या. नवरा वारलेला, स्वतः काजूच्या कारखान्यात रोजावर. प्लास्टिकच्या पिशवीत घरपट्टीच्या पावत्या, तीस वर्षांच्या, एकही चुकलेली नाही. सगळ्या सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन वीस वर्षं झालेली. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरही सासरेच. त्यांना चार मुलगे, दोन मुली. आम्ही कर्ज नाकारलं. ‘मालकी स्पष्ट नाही’ हा शेरा माझ्याच हातचा आहे. बाईंनी पाटल्या गहाण टाकून निम्मं छप्पर केलं. उरलेल्या निम्म्यावर निळी ताडपत्री.

शेरा नियमाला धरूनच होता, हे आधी सांगतो. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कायदा आहे. वारसा आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मयताची मिळकत वारसांत वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया, यांपुरता तो आता 2012 च्या आपल्या कायद्यात आलाय. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक. म्हणून घर गहाण टाकायचं तर दोघांची सही. आता त्या बाईंच्या घराच्या सह्या मोजा. सहा भावंडं आणि त्यांचे जोडीदार, म्हणजे बाराजणांचा संबंध आला. जो गेला त्याच्या जागी त्याची मुलं. त्यात एक जाऊ मुंबईला, एक भाचा कुवेतला, आणि एक दीर गणपतीच्या वाटणीवरून बोलत नाही. इन्व्हेंटरी करून घ्यायची तर वकील आणि वर्षं. पाऊस तोवर थांबत नाही.

मुंडकाराची, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याची, गोष्ट आणखी वेगळी. 1975 च्या कायद्याने त्याला घरातून हुसकावता येत नाही, जोतं न वाढवता घर दुरुस्त करण्याचा हक्कही आहे. पण घर विकत घेण्याची प्रक्रिया मामलेदाराकडे पुरी होईपर्यंत तो गहाण काय टाकणार? दुरुस्तीचा हक्क आहे, दुरुस्तीला पैसा नाही.

लोक म्हणतात, सरकारी योजना आहेत की. आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण शाखा नवं घर बांधायला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार देते. ती बेघर आणि कच्च्या घरात राहणाऱ्यांसाठी. चिऱ्याची भिंत आणि मंगळुरी नळे असलेलं घर कागदावर पक्कं, मग आतून आभाळ दिसलं तरी. अनुसूचित जमातींसाठी अटल आसरा योजना आहे, तिच्यात दुरुस्तीलाही मदत मिळते. ती चांगली योजना आहे, पण एका गटापुरती. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांत महानगरांबाहेर घरदुरुस्तीचं 6 लाखांपर्यंतचं कर्ज प्राधान्य क्षेत्रात धरलं होतं, म्हणजे बँकांना ते द्यायला उत्तेजनच होतं. आयकराच्या जुन्या पद्धतीतही दुरुस्ती-कर्जाच्या व्याजावर 30 हजारांपर्यंत सूट आहे. ताडपत्रीखाली राहणाऱ्याला आयकरातली सूट! असो. सांगायचं ते हे, की पैसा कुठंतरी आहे, पण तो कागद मागतो.

अमेरिकेचं उदाहरण देतो, आणि ते श्रीमंत देश म्हणून देत नाही. तिथं शेती खात्याची एक योजना आहे: खेड्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या अगदी कमी मिळकतीच्या माणसाला दुरुस्तीसाठी 1 टक्का व्याजाने 20 वर्षांचं कर्ज. आपल्या रुपयांत हिशेब करा. 1 लाखाला महिना साधारण 460 रुपये. तेच लाख 14 टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर महिना 2327. 460 चा हप्ता ती बाई देऊ शकली असती. तिथल्या बऱ्याच नगरपालिका आणखी पुढं जातात. गरीब म्हाताऱ्या घरमालकाकडून हप्ताच घेत नाहीत; घरावर बोजा नोंदवून ठेवतात आणि घर विकलं किंवा दुसऱ्याच्या नावावर गेलं की वसूल करतात.

आणि कागदांचा घोळ तिथंही आपल्यासारखाच. 2005 च्या कत्रिना वादळानंतर दक्षिणेतल्या कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांना मदत नाकारली गेली, कारण घर आजोबांच्या नावावर होतं आणि वाटण्या झालेल्या नव्हत्या. 2021 साली तिथल्या आपत्ती खात्याने नियम सैल केला: दुरुस्तीच्या पावत्या चालतील, काहीच नसेल तर स्वतःचं प्रतिज्ञापत्रही. घर कुणाचं यापेक्षा घर सांभाळतो कोण, हे विचारायला लागले.

माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न आपल्या 191 पंचायतींना विचारता येईल. छपरावर कोण चढतं आणि घरपट्टी कोण भरतं, हे पंचाला उतारा न पाहता ठाऊक असतं. लाखभराचं कर्ज, सरकारने पंचायतीच्या शिफारशीवर द्यावं, बोजा घरपट्टीच्या खात्यावर चढवावा. घरपट्टी दुसऱ्याच्या नावावर करताना थकबाकी मागतातच. तिच्याबरोबर हेही वसूल होईल.

कुवेतचा भाचा विचारेल, माझ्या वाट्यावर तुम्ही बोजा कसा चढवता? रास्त प्रश्न आहे. म्हणून दोन अटी हव्यात: दुरुस्तीने कुणाचा मालकी हक्क वाढत नाही, हे कर्जाच्या कागदावर लिहावं, आणि पैसा फक्त छप्पर, भिंत, वायरिंग यांवर जावा, टाइल्स आणि रंगावर नाही. भिंत पडली तर भाच्याचा वाटाही त्याच मातीत जातो, हे त्याला फोनवर सांगायला मी तयार आहे. ‘आपल्या माणसाची’ शिफारस होईल ही भीतीही मला आहे, त्यावर उपाय म्हणून यादी ग्रामसभेत वाचावी. शेजाऱ्यांसमोर खोटं बोलणं जरा जड जातं.

शेवटचं, तारखांबद्दल. अर्ज दसऱ्याला घ्यावेत आणि पैसा जानेवारीत हातात पडावा. मे महिन्यात नळे परतणारा माणूस शोधून पाहा. तो तुम्हाला थेट मिरग लागल्यावरची तारीख देतो.