छोट्या अनुदानाकडून काय मागावे

आरोग्यातील विषमतेवर अनेक संस्थांनी मिळून करावयाच्या क्लिनिकल संशोधनाला पायलट अनुदान, म्हणजे मोठ्या अभ्यासाआधीच्या छोट्या चाचपणीसाठीचे पैसे, देताना प्रस्ताव कसे पारखावेत, हा आजचा जाहीर झालेला विषय आहे आणि त्याकडे मी नक्की येणार आहे. पण छाननी समितीच्या टेबलामागे बसू लागण्यापूर्वी मी बरीच वर्षे टेबलासमोरचा अर्जदार होतो, आणि तेव्हाची एक ठसठस अजून गेलेली नाही. ती आधी ऐकून घ्यावी लागेल.

अनुदान एका वर्षाचे होते. रक्तदाबाचे जे रुग्ण फेरतपासणीला येत नाहीत, त्यांना दवाखान्यातून फोन गेला तर ते परत येतात का, एवढाच प्रश्न होता. आमचा रुग्णालयातला विभाग आणि अल्प उत्पन्नाच्या वस्तीतला एक छोटा दवाखाना, असे दोन भागीदार होते. बारांपैकी पाच महिने दोन्ही संस्थांच्या करारावर सह्या होण्यात गेले. मग आमच्या एथिक्स कमिटीने संमतीपत्रात सुचवलेला बदल त्यांच्या कमिटीला पटेना, त्यांनी केलेली दुरुस्ती पुन्हा आमच्याकडे मंजुरीसाठी आली, आणि या येरझाऱ्यांत दोन पानांचे संमतीपत्र नऊ पानांचे झाले. दवाखान्यातल्या सिस्टरांनी ते चाळले आणि म्हणाल्या, “सर, हे वाचून होईपर्यंत धडधाकट माणसाचंही बीपी वाढेल.” हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी असली संमतीपत्रे स्वतः लिहिली आहेत.

त्याच सिस्टरांनी मग आपले रजिस्टर उघडून दाखवले. छापील रकान्यांच्या बाहेर, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरांत नोंदी होत्या: ‘फोन मुलाकडे असतो, रात्री आठनंतर करणे’, ‘महिनाअखेरीस येत नाही’, ‘रात्रपाळी, सकाळी झोपलेला असतो’. आमचे फोन सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, म्हणजे आमच्या सोयीने, जात होते. साठ रुग्ण घ्यायचे ठरले होते, सतरा मिळाले. अंतिम अहवालाच्या नमुन्यात सांख्यिकीय सार्थकतेसाठी, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना हे सांगण्यासाठी, रकाना होता, त्या समासासाठी नव्हता, आणि मीही ‘नोंदणी अपेक्षेपेक्षा कमी’ असे तीन शब्द लिहून मोकळा झालो. वर्षभरात आम्हाला कळलेली सर्वांत मोलाची गोष्ट अहवालात आलीच नाही, आणि ही चूक अनुदान देणाऱ्यांइतकीच माझीही होती.

वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेला नियम या सभागृहाला नव्याने सांगायला नको: चांगली वैद्यकीय सेवा लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात मिळते. अनुदानाचेही तसेच आहे. जिथे विषमता रोज ओपीडीच्या रांगेत उभी असते, तिथे प्रस्ताव लिहायला माणूस नसतो, आणि जिथे प्रस्ताव लिहिणारे असतात, तिथवर ती रांग पोहोचत नाही. अमेरिकेतल्या एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेकडे आलेल्या अर्जांच्या २०११ मधील विश्लेषणात, शिक्षण, अनुभव वगैरे बाबी जमेस धरूनही, कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्या अर्जदारांपेक्षा सुमारे १० टक्के-बिंदूंनी कमी दिसली. २०१९ च्या पुढच्या विश्लेषणात त्या तफावतीचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग विषयाच्या निवडीशी जोडलेला आढळला, कारण समाजगटांच्या पातळीवरचे विषय मुळातच कमी मंजूर होत होते.

छोटे अभ्यास कुचकामी असतात, असे मात्र कोणी समजू नये. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांत रक्तातील प्राणवायू असतो त्याहून जास्त दाखवू शकतो, हे १९९० मध्ये एका छोट्या अभ्यासाने दाखवले होते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्ष पातळी ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के निघाले. मध्ये तीस वर्षे गेली होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय आता धावतच सांगतो.

पायलटकडून उपचाराचा परिणाम मागू नका. तीस रुग्णांपैकी पंधरांना गुण आला, तरी खरे प्रमाण ३२ ते ६८ टक्क्यांत कुठेही असू शकते, आणि तेवढ्यावर मोठ्या चाचणीत किती रुग्ण घ्यायचे हे ठरवणे म्हणजे वाळूवर जोते घालणे आहे. त्याऐवजी किती जणांना विचारले, किती तयार झाले, शेवटपर्यंत किती टिकले आणि नकार देणाऱ्यांनी काय कारण सांगितले, हे मागा. अहवालात त्या समासासाठी एक पूर्ण पान ठेवा.

अंदाजपत्रकात भागीदार दवाखान्याचा वाटा थेट आणि आगाऊ दाखवलेला असावा, सिस्टरांच्या तासांचे पैसे त्यात स्वतंत्र ओळीवर असावेत. नुसत्या पाठिंबापत्राला सहकार्य म्हणू नये. दवाखान्यातला एक जण सहसंशोधक असावा आणि संमतीपत्राचा मसुदा त्याने होकार दिल्याशिवाय कमिटीकडे जाऊ नये. कमिट्यांनी एकमेकींचा निर्णय मान्य करण्याबद्दलही बोलायचे होते, ते प्रश्नोत्तरांत पाहू.

शेवटचा मुद्दा मुदतीचा आहे: अनुदानाचे वर्ष पैसे जमा झाल्याच्या तारखेपासून न मोजता शेवटची मंजुरी हाती पडल्यापासून मोजावे. आमचे वर्ष तसे मोजले असते, तर रजिस्टर पाहिल्यावर रात्री आठनंतर फोन करून बघायला आम्हाला निदान सहा महिने मिळाले असते.