स्कॉट, स्कॉटिश, स्कॉच आणि आपला ‘इंग्रज’

ग्रँट डफ, एल्फिन्स्टन, माल्कम. मराठ्यांचा इतिहास ज्याने थोडाफार वाचलाय त्याला ही तीन नावं नव्याने सांगायला नकोत. १८२६ साली मराठ्यांचा मोठा इतिहास इंग्रजीत छापणारा डफ, पुण्याचा रेसिडेंट आणि मग मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन, आणि १८२७ मध्ये त्याच्या खुर्चीवर बसलेला माल्कम. तिघांनाही आपण बिनदिक्कत ‘इंग्रज’ म्हणतो. तिघांतला एकही इंग्रज नव्हता. डफ बान्फचा, एल्फिन्स्टन डंबार्टनचा आणि माल्कम लँगहोमजवळचा. तिघंही स्कॉटलंडचे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय फरक पडतो? गोरे ते गोरे. पण आपली भाषा नेहमीच इतकी ढिसाळ नव्हती. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य टोपीकरांची नावं घेतात तेव्हा फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार असे वेगळे मोजतात. पोर्तुगीज वेगळा, डच वेगळा, डेन्मार्कचा माणूससुद्धा वेगळा! स्कॉट तेवढा यादीत नाही, आणि त्यात अमात्यांची चूक नाही. १७०७ पर्यंत स्कॉटलंड हे स्वतंत्र राज्य होतं, त्याची संसद एडिंबरोत भरायची, आणि ईस्ट इंडिया कंपनी होती लंडनची. १७०७ मध्ये ते इंग्लंडशी जोडलं गेलं, मग कंपनीची दारं स्कॉट तरुणांना उघडली आणि ते लोंढ्याने आले. पण तोवर आपल्याकडे ‘इंग्रज’ हा शब्द पक्का रुजला होता. नवे आले ते त्याच खात्यात जमा झाले.

तर या लोकांना म्हणायचं काय? गंमत अशी की हा प्रश्न त्यांचा त्यांनाही कधी सरळ सुटलेला नाही.

मुळात ‘स्कॉटी’ हा लॅटिन शब्द आयर्लंडच्या लोकांसाठी होता. रोमन सत्तेच्या उतरत्या काळात समुद्र ओलांडून ब्रिटनवर धाडी घालणारे जे गेल लोक, ते स्कॉटी. नवव्या शतकातला तत्त्वज्ञ योहानेस स्कोटस आयरिश होता. तेराव्या शतकातला डन्स स्कोटस मात्र आजच्या स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. आडनावासारखा तोच शब्द, पण मधल्या चारशे वर्षांत त्याने समुद्र ओलांडला. (या दुसऱ्या स्कोटसच्या अनुयायांची पुढे इतकी टिंगल झाली, की इंग्रजीत ढ माणसाला ‘डन्स’ म्हणू लागले. बिचारा मध्ययुगातल्या सर्वांत तीक्ष्ण बुद्धीच्या माणसांपैकी एक.) त्या गेल लोकांच्या गेलिक भाषेत मात्र स्कॉटलंडचं नाव आजही ‘आल्बा’ आणि तिथला माणूस ‘आल्बानाख’. ‘स्कॉट’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. उलट गेलिक बोलणारे इंग्रजांना ‘सासानाख’, म्हणजे सॅक्सन म्हणतात. यातली मेख अशी की डोंगराळ भागातले हायलँडर हाच शब्द सखल भागातल्या आपल्याच देशबांधवांनाही लावायचे. सखल भागातल्यांनी परतफेड म्हणून हायलँडरला ‘ट्यूख्तर’ ठरवला, म्हणजे गावंढळ.

भाषेच्या नावाची तर अदलाबदलच झाली. सखल भागातले लोक जी भाषा बोलत तिला पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते स्वतःच ‘इंग्लिस’ म्हणत, आणि ‘स्कॉटिस’ म्हणजे गेलिक. मग इंग्लंडपासून आपलं वेगळेपण दाखवायची गरज वाढली, तेव्हा सखल भागातल्या मंडळींनी ‘स्कॉटिस’ हे नाव स्वतःच्या भाषेला घेतलं. १५१३ मध्ये व्हर्जिलचं महाकाव्य भाषांतरित करून हातावेगळं करणारा गॅव्हिन डग्लस ठासून सांगतो, की हे मी स्कॉटिसमध्ये केलंय. आणि गेलिक? तिला नाव मिळालं ‘अर्स’, म्हणजे आयरिश! घरातल्या जुन्या भाडेकरूची पाटी काढून आपली लावावी, तसा प्रकार.

१७०७ नंतर आणखी एक नाव काढलं गेलं: ‘नॉर्थ ब्रिटन’. स्कॉटलंड म्हणायचंच नाही, उत्तर ब्रिटन म्हणायचं. डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात ओट्सची व्याख्या दिली, की हे धान्य इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये माणसं त्यावर जगतात. त्याचा चरित्रकार बॉसवेल स्वतः स्कॉट. तो जॉन्सनची बाजू सावरताना म्हणतो, कोशाच्या सहा लेखनिकांपैकी पाच आमच्याकडचे होते हे विसरू नका. पण ‘आमच्याकडचे’ म्हणताना तो नाव काय घेतो? नॉर्थ ब्रिटन. शिकलेल्या, लंडनमध्ये वावरणाऱ्या स्कॉट माणसाची ही ओढाताण मला त्या एका शब्दात दिसते. नॉर्थ ब्रिटिश रेल्वे, नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी ही त्याच नावाची पिल्लं. त्या ग्लासगोच्या कंपनीची इंजिनं आपल्या रेल्वेवरही धावली.

आता ‘स्कॉच’कडे येतो. बरेच जण त्याचीच वाट बघत असणार.

‘स्कॉच’ हे ‘स्कॉटिश’चं आखूड रूप, सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रुळलेलं. आज एडिंबरोत कुणाला ‘तुम्ही स्कॉच का?’ असं विचारलंत तर समोरचा बहुधा हसून म्हणेल, स्कॉच बाटलीत असते. पण हा शब्द शिवी म्हणून जन्मला असं मुळीच नाही. रॉबर्ट बर्न्सचंच बघा. १७८६ चा त्याचा पहिला कवितासंग्रह ‘स्कॉटिश बोलीत’ लिहिलेला, असं मुखपृष्ठ सांगतं. त्याच संग्रहात दारूवरच्या कवितेचं नाव ‘स्कॉच ड्रिंक’. आणि १७९३ चं त्याचं गाणं सुरू होतं ‘स्कॉट्स’ या शब्दाने. राष्ट्रकवी म्हणवणाऱ्याला तीनही रूपं चालत होती. मग एकोणिसाव्या शतकात सुशिक्षितांना वाटू लागलं, की ‘स्कॉच’ हे इंग्रजांच्या तोंडचं रूप, आपलं नव्हे. सरकारी ‘स्कॉच शिक्षण खातं’ १९१८ मध्ये ‘स्कॉटिश’ झालं.

माझं मत विचाराल तर शब्दापेक्षा त्याला चिकटलेली थट्टा जास्त बोचली असावी. स्कॉच म्हणजे कंजूष, हा विनोद इंग्रजीत चावून चोथा झालेला आहे. अमेरिकेतल्या चिकटपट्टीचं ‘स्कॉच टेप’ हे नाव त्यातूनच आलं असा किस्सा सांगतात: पट्टीला गोंद कमी लावला म्हणून गाडी रंगवणारा कारागीर करवादला, की तुझ्या त्या स्कॉच मालकांना सांग, जरा हात सैल सोडा. त्याच कंपनीचं स्कॉच-ब्राइट आज आपल्या मोरीत पडलेलं असतं. एका जमातीवरचा टोमणा आपण रोज भांड्यांवर घासतो, आणि आपल्या गावीही नसतं.

अटलांटिकपलीकडे मात्र ‘स्कॉच’ टिकला. साठीच्या दशकात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले अर्थतज्ज्ञ गालब्रेथ मूळचे कॅनडातल्या स्कॉट लोकांच्या वस्तीतले. १९६४ मध्ये त्यांनी त्या वस्तीवर पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं सरळ ‘द स्कॉच’. आम्ही स्वतःला हेच म्हणत आलो, असा त्यांचा पवित्रा. मला तो पटतो. पण म्हणून मी स्कॉटलंडच्या माणसाला स्कॉच म्हणणार नाही. घरातल्यांनी हाक मारायचं नाव पाहुण्याने वापरू नये, एवढं तर आपल्यालाही कळतं.

मराठीत हा घोळ आपोआप मिटलाय. ‘स्कॉच’ म्हणजे दारू, दुसरं काही नाही. ‘स्कॉटिश’ म्हटलं की मुंबईकराला आधी माहीमची शाळा आठवते: ‘मुलगी स्कॉटिशला आहे.’ पुण्यात जोतीराव फुले १८४१ मध्ये ज्या शाळेत गेले तीही स्कॉटिश मिशनची. माणूस म्हणायचा असेल तर ‘स्कॉट’ लिहावं. भाषेला ‘स्कॉट्स’, बाकी सगळीकडे ‘स्कॉटिश’.

हे शब्द आपल्या न्यायालयापर्यंतही पोचले होते. भारतात १९६८ पासून ‘पीटर स्कॉट’ नावाची देशी व्हिस्की विकली जात होती. स्कॉच व्हिस्की असोसिएशनचं म्हणणं, की ‘स्कॉट’ वाचून गिऱ्हाईक फसतं. नाव सुचवणाऱ्या गृहस्थाचं प्रतिज्ञापत्र असं, की माझं नाव पीटर, माझे वडील स्कॉट, म्हणून पीटर स्कॉट. शिवाय दक्षिण ध्रुवावर गेलेला कॅप्टन स्कॉट आणि त्याचा मुलगा पीटर हेही मनात होते. आता तो कॅप्टन स्कॉट प्लिमथचा, म्हणजे इंग्रज; स्कॉट फक्त आडनावापुरता! खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००८ मध्ये निकाल ही व्हिस्की बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने लागला. असोसिएशनला माहीत असूनही तिने तक्रारीला वर्षानुवर्षं उशीर केला, हे एक कारण. दुसरं कारण असं, की असली व्हिस्की घेणारा माणूस जाणता असतो, आपण काय पितोय हे त्याला कळतं.